गणपूर्ती

एकतीस लागतात.
नियमपुस्तिका, पान चौथं, कलम सहा.
आम्ही तीस.

सुपीरियर सरोवरावरून दुपारपासून बर्फ येतोय,
आडवा, घाईत असल्यासारखा.
पार्किंगमधल्या गाड्यांचे आता नुसते उंचवटे उरलेत,
कुठला कुणाचा ते अंदाजाने.

अध्यक्ष व्हर्ना कोस्केला, भूगर्भशास्त्र,
घड्याळाकडे बघत नाही.
पिशवीतून विणकाम काढते.
"थांबून राहा असं नियमात कुठे लिहिलंय?"
प्र-कुलगुरू ट्रेंब्ली विचारतात.
"निघा असंही नाही लिहिलेलं," ती म्हणते,
आणि सुया पुन्हा चालू.

ठराव साधा आहे.
कुठलाही विभाग बंद करण्याआधी
हिशेबाच्या वह्या सिनेटपुढे ठेवा.
वाचवा असं कुणी म्हटलेलं नाही.
दाखवा म्हटलंय.
शुक्रवारी विश्वस्त बसतील.
आज सभा झाली नाही
तर मग पुढची सभा थेट मार्चमध्ये, वरातीमागून घोडं.

मी जर्मन शिकवते. सात विद्यार्थी.
यंदाच्या यादीत आमचा विभाग दुसरा.
मोजणीचं काम मला दिलंय, बहुधा दया म्हणून.
चार काड्या उभ्या, पाचवी तिरपी,
कोऱ्या कागदावर गिरवत बसलेय.

ट्रेंब्ली वाईट माणूस नाही.
सप्टेंबरात त्यांनी आम्हाला घरी बोलावून सूप पाजलं होतं
आणि "सहभाग" हा शब्द नऊ वेळा उच्चारला होता.
तेव्हाही मीच मोजत होते.
आत्ता कोट मांडीवर घेऊन बसलेत,
एक बाही आधीच चढवलेली.

सात वाजून दहा.
संगीताचा लेम्युएल सँडविचचे दोन भाग करतो, मग चार.
कुणीतरी म्हणतं, एइनो काही येत नाही आता.
कुणीतरी म्हणतं, बरंच झालं, तो विरोधातच जाणार.
दोन्ही वाक्यं थोडा वेळ शेजारीशेजारी बसून राहतात,
आणि मग एकेकाच्या तोंडावर उमटत जातं:
एइनो घरीच राहिला तर जिंकला.
शेगडीपाशी मोजे वाळवत,
हातसुद्धा वर न करता.

साडेसातला दार ढकललं गेलं.
आधी बर्फ आत आला, मागून एइनो हाक्कारा,
धातुशास्त्र, नोकरीची बेचाळीस वर्षं,
भुवया पांढऱ्या, पाय गुडघ्यापर्यंत भिजलेले.
"हायवे बंद. रस्ता साफ करणाऱ्या गाडीत बसून आलो,
तो पोरगा माझ्याकडे नापास झाला होता एकदा."
चष्मा पुसला.
"कितवा मी?"

व्हर्नाने टाके मोजले, मग विणकाम खाली ठेवलं.

तो दीड मिनिट बोलला.
वह्या बघून पैसे येत नाहीत, म्हणाला.
खाण बंद झाली तेव्हा वडिलांनाही वह्या दाखवल्या होत्या,
सगळे आकडे बरोबर होते.
मग खाली बसला, आणि बूट काढून पाणी ओतलं
कचऱ्याच्या टोपलीत.

बाजूने सतरा.
विरोधात तेरा. तेरावा हात एइनोचा, कोपरापर्यंत ओला.
अध्यक्ष तटस्थ.
बेरीज मी दोनदा केली. एकतीस.
काठावर. त्याच्यासकट.

ट्रेंब्ली म्हणाले, नोंद घेतली आहे.
नोंद घेणं म्हणजे काय ते त्यांनी सांगितलं नाही,
व्हर्नाने विचारलं, तेव्हाही नाही.
तिने तोच प्रश्न पुन्हा विचारला,
आणि मला म्हणाली, हे दोन्ही वेळचं लिही.

बाहेर दोन फावडी होती.
एइनोला घरी सोडायचं मी कबूल केलं होतं,
म्हणून माझा उंचवटा आम्ही दोघं उकरू लागलो.
आलात कशाला, मी विचारलं.
"विरोध करायला," तो म्हणाला,
दुसरं काय कारण असणार, अशा सुरात.
थोडं उकरल्यावर काच दिसली,
काचेवर प्र-कुलगुरूंच्या पार्किंगचा बिल्ला.
मी थांबले.
एइनो नाही थांबला.
"चाकं राहिलीत अजून," म्हणाला.